तातडीचं: शनिवारचा नाटकाचा प्रयोग, थोरल्याचे केस आणि ‘टू’चा घोळ

प्रेषक: राजपुत्र आणि शिपाई, दोघांचे बाबा

मंडळी,
काल थोरल्याची कटिंग करून आणली. खुर्चीत बसवताना मी नुसतं ‘टू’ म्हणालो. मला म्हणायचं होतं, वर दोन इंच ठेवा. त्यांनी मशीनला दोन नंबर लावला. तेवढ्यात फोन आला म्हणून मी बाहेर गेलो. परत आलो तर कपाळापासून टाळूपर्यंत एक सरळ पट्टा निघाला होता आणि पोरगा आरशात माझ्याकडे बघत होता. मग उरलेलंही तसंच करून घ्यावं लागलं.
नाटक बसवणाऱ्या ताईंनी राजपुत्राला, म्हणजे थोरल्याला, भांग पाडलेले केस हवेत असं तीनदा बजावलं होतं. शनिवारपर्यंत काही होईल का? आणि आज संध्याकाळी धाकट्याला न्यायचं आहे, त्याचे कुरळे आहेत. तिथे मराठी कोणाला येत नाही. नक्की काय सांगू?

प्रेषक: रंगभूषा-वेशभूषा

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. शनिवारपर्यंत दोन मिलिमीटरसुद्धा धरू नका, आणि ‘जरा सारखं करून घेऊ’ म्हणून पुन्हा नेऊ तर अजिबात नका. राजपुत्राचं आम्ही बघतो, डोक्यावर काही ना काही चढवू. पण तालमीच्या पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं की प्रयोगाआधी केसांना कात्री लावायची असेल तर आधी आम्हाला विचारा. मागच्या वर्षी आजोबांच्या कल्ल्यांचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.

मशीनचा नंबर म्हणजे इंचाचे आठवे भाग. एक नंबर ३ मिमी, दोन ६, तीन सुमारे १०, चार सुमारे १३. आठ नंबर लावला तर कुठे एक इंच. म्हणजे दोन इंच केस नेहमीच्या नंबरांत बसतच नाहीत, ते कात्रीचं काम. नंबर सांगायचा तो बाजूचा आणि मागचा. वरचं वेगळं सांगा, आणि तेही आकड्यात नको. बट बोटांच्या चिमटीत धरून दाखवा: इथपर्यंत ठेवा.

प्रेषक: ध्वनी-प्रकाशवाले काका

एवढे आकडे कशाला? फोटो दाखवा. मी गेली कित्येक वर्षं एकच फोटो दाखवतो, माझाच. एकदा कटिंग मनासारखी झाली होती, तेव्हा सौ.ने समोरून, बाजूने आणि मागून असे तीन काढून ठेवले. मी तोंडातून शब्द काढत नाही.

प्रेषक: कोरसमधली, डावीकडून दुसरी

काका, तुमचा फोटो तुमचाच आहे म्हणून चालतो. मी चार वर्षं सलूनमध्ये केस कापले आहेत. लोक फोटो आणतात तो सरळ, दाट केसांच्या माणसाचा, आणि डोकं असतं कुरळं किंवा विरळ. त्यातलं नेमकं काय आवडलं हे विचारल्याशिवाय मी कधी कात्री उचलली नाही. कपाळावरचे केस आवडले की बाजूची उतरण? बऱ्याचदा माणूस स्वतःही पहिल्यांदाच तेव्हा विचार करतो.

धाकट्यासाठी: कुरळे केस ओले असताना ताणून लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात. ओल्या केसांवर हवी तेवढी लांबी ठेवली तर घरी येईपर्यंत आखूड झालेले असतात. म्हणून कोरडेच कापा म्हणा, नाहीतर थोडे जास्त ठेवायला सांगा. भोवरा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा, तिथे फार आखूड कापलं की केस उभे राहतात. मागची कटिंग कधी केली आणि त्यात काय पटलं नव्हतं तेही सांगा. मला त्या एका वाक्याने सगळ्यात जास्त कळायचं. ‘शॉर्ट’ आणि ‘मीडियम’ हे शब्द वापरू नका. मी ज्याला शॉर्ट म्हणते त्याला पुढच्या खुर्चीवालीही शॉर्ट म्हणत नसे.

बाजूंना ‘फेड’ म्हणालात तर बहुधा खाली कातडी दिसेपर्यंत जाईल. हळूहळू कमी होत गेलेले पण केस राहिलेले हवे असतील तर ‘टेपर’ म्हणा.

प्रेषक: ध्वनी-प्रकाशवाले काका

मागच्या रेषेचं कोणीच लिहिलं नाही. मानेवर चौकोनी रेघ मारून घेऊ नका. पहिले चार दिवस छान दिसते, मग खाली खुंट आले की सगळी कटिंग जुनी वाटते.

प्रेषक: वाचनालय

विषय थोडा वेगळा आहे, पण लिहिते. माझे बाबा इथे आल्यापासून दर वेळी केस फार बारीक होऊन यायचे आणि ते गप्प बसायचे. एकदा मी सोबत गेले. खुर्चीत बसताना त्यांनी चष्मा काढला, कानातलं यंत्र काढलं, दोन्ही रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. कटिंगवाला मागून विचारत होता आणि बाबा प्रत्येक प्रश्नाला मान डोलावत होते. समोरचा आरसाही त्यांना धूसर. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती, आणि मला कधी सुचलं नव्हतं.

आता बोलणं आधी, यंत्र नंतर काढायचं. त्यांच्या खिशात मी चिठ्ठी देते: ‘बाजूला कात्री, मशीन नको. कानावरचे केस काढा. अर्धं झालं की थांबून चष्मा द्या.’ ते थांबतात. कोणी वाईट वाटून घेतलेलं नाही.

प्रेषक: सचिव

सर्वांना विनंती, शनिवारी सामान उतरवायला अजून दोन माणसं कमी आहेत. त्याला उत्तर द्या.

प्रेषक: राजपुत्र आणि शिपाई, दोघांचे बाबा

मी येतो सामानाला.
धाकट्याचं आत्ताच झालं. या वेळी बाहेर गेलो नाही. कोरडेच कापा म्हणालो, बट धरून दाखवली. त्यांनी एका बाजूचं थोडंसं कापून स्वतःहून थांबून विचारलं, एवढं? मी उत्तर देणार तेवढ्यात पोराने भोवऱ्यावर बोट ठेवलं आणि त्यांच्याच भाषेत सांगितलं, इथले नको. त्यांनी ते ऐकलं. कोरडेच कापल्यामुळे नंतर काही वर चढायचं उरलेलंच नव्हतं.

वाचनालय, चिठ्ठीचं मी माझ्या वडिलांना कळवलं आहे.

रंगभूषा, थोरल्याच्या डोक्याचं माप ५३ सेंटिमीटर, भुवयांच्या जरा वरून फिरवून घेतलं. टोपी की मुकुट ते आज रात्रीपर्यंत कळवा, तो दर दहा मिनिटांनी विचारतो आहे.