दक्षिणेची भिंत लाल करू का?

सिंगापूरला भाड्याचा फ्लॅट आहे. शेजारच्या चिनी काकू म्हणतात, हॉलची दक्षिण भिंत लाल करा. सासूबाईंचा फोनवरून हेका, लाल शोभतो तो आग्नेयेलाच. त्यात घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाही!

> फेंगशुईत दक्षिण अग्नीची, म्हणून लाल. आग्नेय लाकडाची, तिथे हिरवा. वास्तुशास्त्रात अग्नी आग्नेयेला. दोघी आपापल्या जागी बरोबर.

> भिंतीचं सोडा हो. सोफ्यावर लाल अभ्रे घाला, एखादा कागदी कंदील चायनाटाउनमधून आणा. अख्खी लाल भिंत ट्यूबलाइटखाली अंगावर येते, माझं स्पष्ट मत.

बरं. आणि आग्नेयेला मनीप्लांट?

> खुशाल ठेवा. वास्तूवालेही तो तिथेच सांगतात. काकूही खूश, सासूबाईही.