रिपोर्टिंग मॅनेजर बदलल्याचे कर्मचाऱ्यांना कसे कळवावे?

प्रश्न (चाकण, मनुष्यबळ विभाग)
आमच्या कारखान्यात गुणवत्ता विभागातील 14 जण आजवर उत्पादन प्रमुखांना रिपोर्ट करत आले आहेत. 1 ऑक्टोबरपासून ते नव्याने नेमलेल्या गुणवत्ता प्रमुखांना रिपोर्ट करतील. मागे दुसऱ्या विभागात असाच बदल झाला तेव्हा आम्ही सॉफ्टवेअरमध्ये नाव आधी बदलले आणि पत्र नंतर काढले. एकाने आईच्या ऑपरेशनसाठी रजेचा अर्ज टाकला, तो भलत्याच नावाकडे मंजुरीला गेलेला त्याला दिसला, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ‘साहेबांना काढले’ ही बातमी कँटीनभर झाली. या वेळी सर्वांना एक ईमेल पुरेशी होईल का? शिवाय 14 पैकी 6 जण संघटनेचे सभासद कामगार आहेत. त्यांना 21 दिवसांची नोटीस द्यावी लागेल का?

उत्तर 1
आधी नोटिशीचे पाहू. औद्योगिक विवाद कायदा, 1947 च्या कलम 9-अ मध्ये असलेली 21 दिवसांची तरतूद आता औद्योगिक संबंध संहिता, 2020 च्या कलम 40 मध्ये आहे आणि ती संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतील बाबींपुरती, म्हणजे वेतन, कामाचे तास, रजा, पाळी, श्रेणी इत्यादींपुरती आहे. केवळ वरिष्ठ बदलणे त्यात येत नाही. मात्र नव्या प्रमुखांबरोबर पाळ्यांची फेररचनाही होणार असेल, तर त्या बदलासाठी नोटीस लागू शकते. तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच पत्रात घालू नका.

उत्तर 2
नुसती ईमेल पुरणार नाही, कारण शॉप फ्लोअरवर ती उघडतो कोण? माझ्या अनुभवाप्रमाणे ही बातमी प्रथम सध्याच्या साहेबांच्या तोंडून, नव्या प्रमुखांना शेजारी उभे करून, पाळी सुरू होताना सांगितली गेली पाहिजे, आणि रात्रपाळीलाही त्याच दिवशी. नाहीतर अर्ध्या लोकांना ती बसमध्ये कळते. कारण आडपडदा न ठेवता सांगा: माल बनवणारा आणि माल नाकारणारा एकाच साहेबाच्या हाताखाली असू नये. हे कारण कामगारांना आपल्यापेक्षा लवकर पटते! त्याच दिवशी प्रत्येकाच्या हाती पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. मजकूर साधारण असा:

“दि. 1 ऑक्टोबरपासून आपण गुणवत्ता प्रमुख श्रीमती ____ यांना रिपोर्ट कराल. आपले पद, वेतन, पाळी व कामाचे ठिकाण यांत कोणताही बदल नाही. 30 सप्टेंबरपर्यंत दिलेले रजेचे व ओव्हरटाइमचे अर्ज सध्याचे वरिष्ठच निकाली काढतील.”

सॉफ्टवेअरमधील नाव 1 तारखेला सकाळी बदलावे, आदल्या आठवड्यात नव्हे.

उत्तर 3
एक गोष्ट राहिली. तुमचे मूल्यमापन एप्रिल ते मार्च असेल, तर बदल बरोबर मध्यावर येतो आहे. पहिल्या सहा महिन्यांचा अभिप्राय जुन्या साहेबांकडून सप्टेंबरअखेर लेखी घ्या आणि तो संबंधिताला दाखवून त्याची सही घ्या. मार्चमध्ये ‘त्या वेळी मी नव्हते’ असे नव्या प्रमुख म्हणाल्या, की पगारवाढ अडते आणि लोक तुमच्याच टेबलासमोर येऊन उभे राहतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पाळ्यांचा विषय खरोखरच त्याच मसुद्यात होता. तो काढून टाकला आहे. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना आदल्या दिवशी तोंडी कल्पना देईन.