टोर्नेडोची श्रेणी नुकसानीवरून ठरते

टोर्नेडोची, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत टेकणाऱ्या चक्राकार वादळाची, श्रेणी वाऱ्याचा वेग मोजून ठरवतात, असे अनेकदा सांगितले जाते. तिथे एक दुरुस्ती आवश्यक वाटते. हवामानशास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडलेली आणि अमेरिकेत २००७ पासून सुधारित स्वरूपात वापरली जाणारी श्रेणी शून्य ते पाच अशी असून, वादळ ओसरल्यावर तज्ज्ञ घरे, शाळा, झाडे, खांब अशा २८ प्रकारच्या खुणा तपासतात, मूळ बांधकाम किती पक्के होते तेही पाहतात आणि त्यावरून झोताच्या वेगाचा अंदाज बांधतात. म्हणूनच २०१३ मध्ये ओक्लाहोमातील एल रेनो येथे वाहनावर बसवलेल्या रडारने ताशी ४०० किलोमीटरांहून अधिक वेग टिपूनही, वादळ बहुतांशी मोकळ्या रानातून गेल्यामुळे, त्याला पाचपैकी ३ हीच श्रेणी मिळाली.

टोर्नेडो येताना घरातला दाब कमी व्हावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवण्याचा जो सल्ला दिला जातो, तो मात्र कृपया कोणीही पाळू नये. घर आतल्या दाबाने फुटते ही समजूत जुनी आणि चुकीची आहे. उलट आत शिरलेला वारा छपराला खालून उचलतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. आपल्या नागपुरात मे महिन्यातल्या साध्या वादळातही टिनाचे पत्रे उडतात, आणि जिवाला खरा धोका अशा उडत्या वस्तूंचाच असतो.