तालावरची आतषबाजी: कोल्हापूरकरांनो, सांगा तुमचे अनुभव

गेल्या आठवड्यात आमच्या कट्ट्यावर वाद पेटला. परदेशात संगीतावर आतषबाजी करतात, तिच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरतात, देशोदेशीचे संघ येतात, परीक्षक गुण देतात. त्यात एवढं विशेष ते काय? एक पक्ष म्हणाला, दारूकाम बघावं तर आपल्याकडचं. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथ निघतो तेव्हा महाद्वार रोडला उभं राहावं, छातीत आवाज घुमतो. दुसरा पक्ष म्हणाला, आवाज कुणीही काढेल, तालात काढून दाखवा. मी अशी स्पर्धा प्रत्यक्ष पाहिलेली नाही, त्यामुळं दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

म्हणून हा धागा. कुठं पाहिलंत, कुठं बसून पाहिलंत, काय लक्षात राहिलं ते लिहा. मोबाईलवरच्या व्हिडिओचे अनुभव नकोत, त्यात आवाज नंतर नीट बसवलेला असतो.

शिवाजी पेठेतला, सध्या माँट्रियल

सुरुवात मीच करतो, कारण अशी एक स्पर्धा इथं कॅनडात माझ्या घरापासून मेट्रोनं थोड्याच स्टेशनांवर होते. 1985 पासून चालू आहे. नदीतल्या बेटावर ला रोंद नावाचा पाळण्यांचा पार्क आहे, तिथल्या तळ्याकाठी दारू लावतात. जूनअखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत ठरलेल्या रात्री खेळ असतो. एका रात्री एकच देश, अर्धा तास. जिंकणाऱ्यांना ज्युपिटर नावाचा पुरस्कार मिळतो, सोन्याचा, चांदीचा, काशाचा.

तिकीट काढून आत बसणारे वेगळे. आम्ही फुकटे झाक कार्तिए पुलावर. खेळाच्या रात्री पूल गाड्यांना बंद करतात आणि सगळं गाव चालत वर येतं. संगीत पुलावर नीट ऐकू येत नाही, म्हणून लोक रेडिओ घेऊन येतात. माझ्याकडं जुना एफएम सेट होता. शेजारच्या पोरानं मोबाईलवर रेडिओचं ॲप लावलं होतं, ते इंटरनेटमुळं कितीतरी सेकंद मागं. वर गोळा फुटून विझला की मग त्याच्याकडं झांज वाजायची. बिचारा वैतागून शेवटी माझ्या सेटजवळ येऊन बसला.

पण लक्षात राहिलं ते वेगळंच. एका देशाच्या खेळात मध्येच सगळं बंद. आकाश काळं, संगीत मात्र चालू, नुसतं व्हायोलिन. पुलावर हजारो माणसं आणि एक शिट्टी नाही. आपल्याकडं एवढा वेळ अंधार झाला असता तर "वायर तुटली काय रं?" म्हणून चौकशी सुरू झाली असती. मग अगदी खालून, पाण्यालगत, चंदेरी ठिणग्यांची एक बारीक ओळ उठली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या गोळ्यांना नाही, तिला.

राजारामपुरीतली काकू

आम्ही व्हिएतनामची टूर केली. त्यात दा नांग होतं आणि नशिबानं आमची शनिवारची रात्र आतषबाजी महोत्सवाची निघाली. हान नदीच्या काठी बसायला गॅलरी केलेल्या असतात. 2008 पासून भरतो म्हणे. त्या गावात एक ड्रॅगनच्या आकाराचा पूल आहे, शनिवार-रविवारी रात्री तो तोंडातून आधी आग सोडतो, मग पाणी. आमच्या ह्यांना तोच जास्त आवडला, ते राहू दे.

एका रात्रीत दोन देशांचा खेळ. पहिल्यांचा संपला तेव्हा मी भडंगाची पिशवी काढली, सगळ्यांना वाटली. खाईपर्यंत बघते तर नदीवर धूर तसाच. वारा म्हणून नाही. दुसऱ्यांनी सुरुवात केली आणि त्यांचे वरचे सगळे गोळे धुराच्या आड. नुसता लाल-हिरवा उजेड दिसायचा, फुलं नाहीत. मला फार वाईट वाटलं हो. कुठल्या देशातून आलेली पोरं, महिनोन्‌महिने तयारी केली असेल आणि वाऱ्यानं दगा दिला. परीक्षक हे धरतात का? कुणाला माहीत असेल तर सांगा.

आणि अजून एक. निळा रंग सगळ्यात फिका का दिसत होता?

गोकुळ शिरगाव एमआयडीसी

काकू, निळ्याचं सांगतो. लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांनी येतो, हिरवा बेरियमनं, पिवळा सोडियमनं, निळा तांब्यानं. तांब्याचा निळा देणारा जो रेणू आहे तो ज्वाला जास्त तापली की मोडतो. कमी तापवली तर उजेड पडत नाही. त्यामुळं गडद आणि तरीही चमकणारा निळा ज्याला जमला तो कारागीर, असं या धंद्यात मानतात. पुढच्या वेळी निळ्यावरच लक्ष ठेवा, संघाचा दर्जा कळतो.

मी जर्मनीत पाहिलं, हॅनोव्हरला. मशीन टूल्सच्या ईएमओ प्रदर्शनासाठी सप्टेंबरमध्ये गेलो होतो, तिथल्या व्यापाऱ्यानं हेरेनहाउझेनच्या बागेत नेलं. जुनी राजेशाही बाग, कापून सरळ केलेली झुडपं, कारंजी आणि त्यांच्यामागं दारू. पाच देश उन्हाळाभर वेगवेगळ्या रात्री येतात. तिथला एक नियम मला फार पटला: संगीताचा एक तुकडा सगळ्यांना सक्तीचा असतो. बाकी आपल्या आवडीचं घ्या, पण तेवढा तुकडा प्रत्येकानं वाजवायचाच. त्यामुळं कुणाचं डोकं कसं चालतं ते उघडं पडतं.

आता तालाचं. गोळा नळीतून सुटतो तेव्हा फुटत नाही, वर जाऊन फुटतो. तीन इंची गोळ्याला अडीच-तीन सेकंद लागतात, सहा इंचीला चार-पाच. ठोका ज्या क्षणी पडायचा, त्याच्या इतके सेकंद आधी तो सोडायला लागतो. आणि प्रत्येक मापाचा वेळ वेगळा. म्हणजे एकाच ठोक्यावर तीन इंची, पाच इंची आणि आठ इंची एकत्र फुटवायचे तर तिन्ही वेगवेगळ्या वेळी सोडायचे. हे माणसाच्या हातानं होत नाही. प्रत्येक नळीला विजेची काडी जोडलेली असते, तिला ई-मॅच म्हणतात. संगणकातल्या घड्याळावर, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या हिशेबानं ती पेटते. आधी सगळा खेळ थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बसवून बघतात. प्रत्यक्ष रात्री संघाचं काम बहुतेक एवढंच: बटण दाबा आणि काही अडलं तर तो भाग बंद करा.

देवल क्लबात तबला शिकलेला

दादा, तुम्ही मोजमाप सांगितलं, पण मला त्यात तिहाई दिसली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. तबलजी ती समेपासून उलटी मोजतो. समेवर शेवटचा "धा" पडायचा, म्हणजे सुरुवात कुठून करायची ते आधी ठरवायचं. गोळेवालाही तेच करतो, समेला फुटायचं म्हणून आधी उठतो. फरक इतकाच, तबलजी चुकला तर पुढच्या आवर्तनात सावरतो. सुटलेला गोळा परत बोलावता येत नाही.

मी प्रत्यक्ष फक्त एकदाच पाहिलं, मकाऊला, लोकांच्या गर्दीत, बरंच लांबून. प्रामाणिकपणे सांगतो, माझा पुरता रसभंग झाला. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मी होतो तिथून किलोमीटरभर अंतर धरा. फूल दिसायचं, त्याचा धमाका तीन सेकंदांनी, आणि दूरच्या स्पीकरमधलं संगीत तिसऱ्याच वेळेला. डोळ्यांची सम वेगळी, कानांची वेगळी. माझ्या मते ही कला एका जागेवरून बघायची आहे. परीक्षकांच्या खुर्च्या जिथं, तिथला खेळ बसवलेला असतो. बाकीचे आपण उजेड बघतो.

शिवाजी पेठेतला, सध्या माँट्रियल

अगदी. म्हणूनच रेडिओ. संगीत तरी कानाशी आलं की डोळ्याशी जुळतं. धमाक्याचं काही करता येत नाही, पण इथल्या चांगल्या संघांच्या गोळ्यांत आवाज मुद्दाम कमी असतो.

माहेर कवठेएकंद, सासर कसबा बावडा

एवढे परदेश फिरलात, पण शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं, तासगाव तालुक्यातलं माझं गाव कुणी घेतलं नाही! दसऱ्याच्या रात्री सिद्धराज महाराजांची पालखी निघते आणि रात्रभर शोभेची दारू उडते. गावातली मंडळं स्वतः करतात. औट, लाकडी शिंगटं, झाडं, धबधबा, असे दारूचे प्रकार. लहानपणी आम्ही डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून माडीवर बसायचो, कारण ठिणग्यांचा पाऊस खरोखर अंगावर यायचा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या कपड्याला भोकं. ज्याच्या नसतील तो आलाच नाही असं धरायचे.

गाणंबिणं नव्हतं. ढोल होता, सनई होती आणि पालखीचा वेग. पालखी थांबली की दारू वाढायची, हलली की पुढच्या मंडळाकडं. मला वाटतं, तिथं संगीताची जागा पालखीनं घेतली होती. ह्या वरच्या स्पर्धांत माणसं खुर्चीत बसून बघतात, आमच्याकडं बघणारा आणि पेटवणारा वेगळा करणं अवघड. त्यातला धोका मी नाकारत नाही. घरचे पुरुष दारूला गेले की आजी जेवायची नाही, सगळे परत दिसल्यावर ताट घ्यायची.

मंगळवार पेठ

आमच्या मंडळानं केलंय! नाव विचारू नका. व्हिडिओ बघून एकाच्या डोक्यात आलं, आपण पण म्युझिकवर औट उडवायचे. दोन मोठे टॉप, म्हणजे स्पीकर, आणले. वायर-बियर काय न्हाय, चार पोरं उदबत्त्या घेऊन वातीपाशी, आणि पाचवा मोबाईलवर गाणं ऐकत "आता!" म्हणून ओरडणार. गाणं सुरू झाल्यावर "आता" कुणाला ऐकू येणार? एकानं हात हलवलेला बघून पेटवलं, तो मच्छर मारत होता. गाण्यातला मुखडा शांत आणि वर लय धडाका, नंतर ढोल सुरू झाला तेव्हा सगळी दारू संपलेली. तरी पब्लिकनं वन्स मोअर दिला, आपली पब्लिक मोठ्या मनाची.

मुलीकडे व्हँकूवरला गेलेला, निवृत्त बँकवाला

तिथं इंग्लिश बे म्हणून किनारा आहे. 1990 ते 2025 या काळात तिथं उन्हाळ्यात स्पर्धा भरायची, साधारण तीन देश, तीन रात्री. दारू समुद्रात उभ्या केलेल्या बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या नावेवरून, उडवायचे. 2019 साली भारत, कॅनडा आणि क्रोएशिया होते. आम्ही भारताच्या रात्री गेलो, दुपारीच सतरंजी टाकून जागा धरली. मुलगी म्हणत होती, "बाबा, एवढ्या लवकर कशाला?" संध्याकाळी पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा गप्प बसली.

निवेदनात "इंडिया" ऐकल्यावर ओळखीपाळखीचं कुणी नसताना आजूबाजूच्या लोकांनी माझ्याकडं बघून हात वर केले. खेळ किती तालात होता ते मला सांगता येणार नाही, संगीताचं मला कळत नाही. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते धुरामुळं, असं मी नातीला सांगितलं.

रंकाळ्यावर पक्षी मोजणारी

धागा वाचून पुढं काय होणार ते दिसतंय, म्हणून आधीच लिहिते. "आपल्या रंकाळ्यावर करूया" हे वाक्य कुणीतरी टाकणारच. कृपा करून नको. हिवाळ्यात तिथं पाहुणे पक्षी उतरतात, रात्री संध्यामठाकडच्या बाजूला विसावतात. एका धमाक्यात सगळा थवा अंधारात उठतो. पाण्यात पडणारा कागद आणि राख वेगळीच. कायद्याचंही बघा, सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये फटाक्यांत बेरियम वापरायला बंदी घातली. वर दादांनी सांगितलेला हिरवा रंग त्याचाच.

मला स्पर्धा आवडत नाही असं नाही. त्या अंधारात वाजणाऱ्या व्हायोलिनचं वाचून मलाही बघावंसं वाटलं. पण तिथंच.

धागाकर्ता

ताई, टाकणारच होतो! कट्ट्यावरचा एक पक्ष तर वर्गणीच्या पावत्या छापायला निघाला होता. एमआयडीसीवाले दादा, नुसता हिशेब म्हणून सांगा, रंकाळ्यावर जागा तरी पुरेल का?

गोकुळ शिरगाव एमआयडीसी

हिशेब म्हणून सांगतो, करा म्हणत नाही. अमेरिकेत गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागं 70 फूट मोकळी जागा सोडतात. सहा इंचीला 420 फूट, म्हणजे सव्वाशे मीटरच्या वर, चारी बाजूंना. गोळा दर इंचाला साधारण 100 फूट वर जातो, म्हणजे तो 600 फुटांवर फुटणार आणि राख वारा नेईल तिकडं. तलावाच्या मध्यावर तराफा ठेवला तर जागा बसेल. पण तालासाठी सगळ्या माणसांना एकाच काठाला बसवायला लागेल. आपली माणसं चारी काठांना आणि निम्मी बोटिंगच्या धक्क्यावर असणार.

मंगळवार पेठ

मग सहा इंची नको, तीन इंची आणू. उदबत्त्या आमच्याकडं शिल्लक आहेत.

रंकाळ्यावर पक्षी मोजणारी

तीन इंचीसुद्धा नको.