लॅटेक्स गादी : मी पालथा झोपतो, बायको कुशीवर. दोघांना एकच चालेल का? (कोल्हापूर)

रुईकर_कॉलनी
घरातली काथ्याची गादी मधोमध खोलगट झालीय. पावसाळ्याच्या आत लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाच्या फेसाची, घ्यायचं ठरवलंय. पलंग ६ बाय ६ चा, खाली सामानाचा बॉक्स. माझं वजन ८८ किलो, पालथं झोपायची सवय. सकाळी उठताना कंबर धरलेली असते. बायको ५५ किलोची, कायम डाव्या कुशीवर. तिचा खांदा भरून येतो, हाताला मुंग्या येतात. राजारामपुरी, शाहूपुरीतली दुकानं पालथी घातली, पण जो तो ‘ऑर्थो’ म्हणून सगळ्यात कडक गादी पुढे करतो. नेमकं बघायचं काय, जाणकारांनी सांगावं.

पंचगंगाकाठ
दादा, ऑर्थोच्या लेबलवर जाऊ नका. तुमची गरज एक आणि वहिनींची दुसरी, हे आधी पक्कं धरा.

पालथं झोपलं की शरीराचा सगळ्यात जड भाग, म्हणजे पोट आणि कंबर, गादीत उतरतो आणि पाठीला उलटा बाक येतो. ८८ किलोला मऊ गादी दिली तर हा बाक वाढणारच. तुम्हाला कडक हवी. वहिनींचं उलट आहे. कुशीवर सगळा भार खांदा आणि खुबा या दोनच जागांवर येतो. कडक गादीत खांदा आत जात नाही, तिथंच दाबला जातो. त्यांना वरचे दोन इंच मऊ आणि खाली आधार, अशी रचना पाहिजे. मुंग्या दिवसाही येत असतील तर मात्र गादीआधी डॉक्टरांना दाखवा, मानेतून निघणाऱ्या शिरेचं दुखणं असू शकतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : ६ बाय ३ च्या दोन वेगळ्या गाद्या घ्या, तुमची कडक, त्यांची मऊ वरच्या थराची. शेजारी ठेवून वरून एकच चादर. काही कंपन्या चेनच्या खोळीत दोन-दोन इंचांचे सुटे थर देतात, ते वरखाली करता येतात. मिळाले तर तेच घ्या, कारण दुकानात बरी वाटलेली गादी घरी महिनाभर झोपल्यावर वेगळी वाटू शकते.

दुकानात गेलात की घनता विचारा. साधारण ६५-७० किलो प्रति घनमीटर मऊ, ८० च्या आसपास मध्यम, ९० च्या पुढे कडक. आपल्याकडे बहुतेक माल डनलॉप पद्धतीचा असतो. रबराच्या चिकाचा फेस साच्यात ओतून तापवतात. जड कण तळाशी बसतात म्हणून खालची बाजू किंचित कडक होते. टॅलाले पद्धतीत साच्यातली हवा काढून फेस पसरवतात, गोठवतात, मग तापवतात. तो माल हलका आणि सगळीकडे सारखा निघतो, पण महाग. तुमच्यासाठी डनलॉपच बरा.

आणि एक, खोळीची चेन उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वर इंचभर लॅटेक्स आणि खाली तुकडे दाबून केलेला रिबॉन्डेड फोम, अशा गाद्याही ‘लॅटेक्स’ म्हणून विकल्या जातात. थर डोळ्यांनी मोजा. खरा थर मलईच्या रंगाचा, त्याला ओळीनं भोकं, दाबून सोडला की लगेच वर येणारा. वजनही अंदाज देतं : ६ बाय ३ ची सहा इंची पूर्ण लॅटेक्स गादी २० किलोच्या आसपास भरते. एका हातानं सहज उचलली गेली तर विचारा आत काय आहे.

बावड्याची_सून
मी सासूबाईंसाठी घेतली तेव्हा एक तपासणी उपयोगी पडली. दुकानात बसून बघू नका, चपला काढून घरी झोपता तसं सरळ झोपा, दहा-पंधरा मिनिटं तरी. वहिनी कुशीवर झोपल्या की तुम्ही मागून बघा : मानेपासून माकडहाडापर्यंत कणा एका ओळीत दिसला पाहिजे. खांदा वर राहून मान वाकली तर गादी कडक, कंबर खाली लोंबली तर मऊ. उताणं झोपणाऱ्यानं कमरेखाली हात घालून बघायचा. थोडा घासत गेला तर बरोबर, मोकळा आरपार गेला तर कडक, जातच नसेल तर फार मऊ. दुकानदार घाई करायला लागला तर सरळ बाहेर पडा.

घरात वयस्कर कुणी असेल तर उंचीही मोजा. सासूबाईंना सहा इंचीच ठेवली, कडेला बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतात, उठायला आधार लागत नाही.

रुईकर_कॉलनी
ताई, दादा, मनापासून आभार. दोन गाद्यांचं बायकोला लगेच पटलं. आता बॉक्सचा पलंग चालेल का? आणि मे महिन्यात गाद्या गच्चीवर टाकतो, तसं हिला करायचं का?

पंचगंगाकाठ
उन्हात अजिबात नको. ऊन लागलं की लॅटेक्स पिवळं पडतं, मग ठिसूळ होऊन भुगा सुटतो. कापसाची गोष्ट वेगळी. हिला सावलीत, वाऱ्याला, भिंतीला टेकवून काही तास उभी करा. नव्या गादीचा रबरी वासही त्यानंच जाईल. ओला डाग पडला तर खोळ काढून धुवा, लॅटेक्स भिजवू नका.

बॉक्सच्या प्लायला भोकं पाडून घ्या, सुतार तासाभराचं काम म्हणेल. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भिंती ओल धरतात. अंगाची वाफ गादीतून खाली उतरते आणि सलग प्लायवर अडकून बुरशी धरते. फळ्यांचा पलंग असेल तर दोन फळ्यांत तीन इंचांपेक्षा जास्त फट नको, नाहीतर जड गादी मधे लोंबते.

बावड्याची_सून
उशी विसरू नका. तुम्हाला पालथं झोपायला अगदी पातळ, किंवा नसली तरी चालेल. जाड उशीनं मान मागे मुडपते. वहिनींना खांद्याच्या रुंदीएवढी भरीव हवी. नवी गादी खांदा आत घेईल, म्हणून आताची उशी तेव्हा उंच वाटू शकते. उशी गादीनंतरच घ्या.