स्टॉलवर वेब ॲपचा डेमो द्यायचा आहे, हॉलच्या नेटवर भरवसा ठेवावा का?

प्रश्न: परसोडी_डेव्ह

नमस्कार मंडळी. नागपुरात आयटी पार्कजवळ आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. गोदामातली आवक-जावक, वजनकाट्याच्या पावत्या आणि संत्र्याच्या ग्रेडिंगच्या नोंदी ठेवणारं वेब ॲप आम्ही बनवलंय. ते ब्राउझरमध्येच चालतं. नेट गेलं तरी नोंदी टॅबलेटमध्ये साठतात आणि नेट आलं की सर्व्हरवर जातात. मुंबईतल्या एका औद्योगिक परिषदेत तीन दिवसांसाठी ३ बाय ३ मीटरचा स्टॉल घेतोय, सोबत १० मिनिटांचं सादरीकरण आहे. माणसं तिघंच जाणार.

हॉलचं वायफाय पुरेल का? लॅपटॉपलाच सर्व्हर केलं तर चालेल? स्टॉलसोबत नेमकं काय मिळतं आणि इथून काय न्यावं? आलेल्या लोकांच्या नोंदी कशा ठेवायच्या? कृपया नेमकं सांगा, आमच्यात आधी कोणी असा स्टॉल लावलेला नाही.

उत्तर: वर्धा_रोड

हॉलच्या वायफायवर डेमो अजिबात टांगू नका. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. प्रत्येक स्टॉलचा राउटर आणि येणाऱ्यांचे हॉटस्पॉट याच तिघांत दाटीवाटी करतात. शिवाय सार्वजनिक वायफायवर बहुधा एका उपकरणाला दुसरं दिसू देत नाहीत. म्हणजे तुमचा टॅबलेट आणि लॅपटॉप एकाच वायफायवर असूनही बोलणार नाहीत. मोबाइल डेटाचंही तेच, दुपारी गर्दी झाली की टॉवर भरतो.

नेट पूर्ण बंद असेल तर ॲप लगेच ऑफलाइन होतं, त्याची भीती नाही. खरा घात करतं ते अर्धवट नेट. वायफाय जोडलेलं असलं की ब्राउझर ‘ऑनलाइन आहे’ असंच सांगतो, पण विनंती सर्व्हरपर्यंत पोचत नाही. फेचला (ब्राउझरमधून सर्व्हरला विनंती पाठवणारा आदेश) स्वतःची अशी मुदत तुम्ही घालत नाही, तोवर ते चाक फिरत राहतं आणि समोरचा माणूस पुढच्या स्टॉलवर जातो. म्हणून प्रत्येक विनंतीला ॲबॉर्टकंट्रोलरने (विनंती मध्येच रद्द करणारी ब्राउझरची सोय) ३ सेकंदांची मुदत घाला. ऑफलाइन ॲपसाठीची वर्कबॉक्स ही लायब्ररी वापरत असाल तर तिच्या नेटवर्क-फर्स्ट (आधी सर्व्हर, मग साठवलेली प्रत) धोरणात तीच मुदत देता येते. आणखी एक, बॅकग्राउंड सिंक (नेट आलं की साठलेल्या नोंदी ब्राउझरने आपणहून पाठवणं) क्रोमच्या घराण्यातल्या ब्राउझरमध्येच आहे, सफारीत नाही. आयपॅड नेणार असाल तर ॲप उघडताना आणि दर काही सेकंदांनी साठलेल्या नोंदी पाठवून बघायचा कोड वेगळा लिहावा लागेल.

मांडणी अशी करा. स्वतःचा राउटर न्या, लॅपटॉप त्याला लॅन केबलने जोडा आणि टॅबलेट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. चॅनेल ३६ ते ४८ मधला निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. इथे वेग लागत नाही, स्थिरता लागते. ५२ ते १४४ टाळा. त्यांवर रडारचा सिग्नल जाणवला की राउटरला नियमाने चॅनेल सोडावाच लागतो आणि सगळी जोडणी मध्येच तुटते. ॲप आणि डेटाबेस दोन्ही लॅपटॉपवरच.

मग गुपचूप बाहेर जाणाऱ्या गोष्टी शोधा: गूगलचे फॉन्ट, नकाशा, ॲनालिटिक्स, पेमेंटचं पान. आणि सगळ्यात जास्त विसरला जातो तो लॉगिनचा ओटीपी! एसएमएस वेळेवर आला नाही तर डेमो दारातच अडतो, म्हणून डेमोसाठी ठराविक पिनचा वेगळा वापरकर्ता ठेवा. देवनागरी फॉन्ट, ‘मुक्त’ (Mukta) नावाचा असो वा ‘नोटो’, स्वतःच्या सर्व्हरवरून द्या. तपासायचं असं: राउटरची बाहेरची केबल काढा, ब्राउझरचं कोरं प्रोफाइल उघडा आणि डेव्हटूल्सच्या (ब्राउझरमधली तपासणीची खिडकी) नेटवर्क टॅबमध्ये लाल ओळी, म्हणजे अडलेल्या विनंत्या, बघा. रोजच्या प्रोफाइलमध्ये तपासलं तर कॅशमुळे सगळं ठीक वाटतं.

परसोडी_डेव्ह

दादा, खूप आभार. आताच राउटर लावून बघितलं. लॅपटॉपवर लोकलहोस्टने (उपकरणाचा स्वतःपुरता पत्ता) सगळं चालून राहिलंय, पण टॅबलेटवर लॅपटॉपचा १९२.१६८ वाला पत्ता टाकला की सर्व्हिस वर्कर (ॲप ऑफलाइन चालवणारा ब्राउझरमधला कोड) नोंदवलाच जात नाही आणि बारकोडसाठी कॅमेराही उघडत नाही. काहून?

उत्तर: वर्धा_रोड

कारण सर्व्हिस वर्कर आणि कॅमेरा फक्त सुरक्षित (एचटीटीपीएस) पानावर चालतात. लोकलहोस्टला ब्राउझरने सूट दिलीय, तुमच्या लॅनवरच्या साध्या एचटीटीपी पत्त्याला नाही.

अँड्रॉइडचा एकच टॅबलेट असेल तर यूएसबीने जोडून एडीबी या अँड्रॉइडच्या साधनातल्या रिव्हर्स आदेशाने लॅपटॉपचा पोर्ट टॅबलेटच्या लोकलहोस्टवर आणता येतो. पण केबल लटकत राहते. एमकेसर्ट या साधनाने स्वतःचं एचटीटीपीएस प्रमाणपत्र बनवलं तर प्रत्येक उपकरणावर मूळ प्रमाणपत्र बसवावं लागतं. आयपॅडवर ते बसवून भागत नाही, सेटिंग्जमध्ये जनरल, अबाउट आणि सर्टिफिकेट ट्रस्ट असं जाऊन वेगळी परवानगी द्यावी लागते. बहुतेक जण इथेच अडकतात.

मला तिसरा मार्ग सगळ्यांत भरवशाचा वाटतो. तुमच्या डोमेनखाली डेमोसाठी एक उपनाव घ्या आणि लेट्स एन्क्रिप्ट या मोफत देणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) पडताळणीने मिळवा. त्यासाठी सर्व्हर इंटरनेटवर उघडा असावा लागत नाही. मग राउटरच्या डीएनएसमध्ये ते नाव लॅपटॉपच्या पत्त्याकडे वळवा आणि लॅपटॉपचा पत्ता राउटरमध्ये पक्का करा. टॅबलेटवर काहीच बसवावं लागत नाही. प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ९० दिवसांची असते, प्रदर्शनाच्या तारखेशी ती ताडून बघा. अँड्रॉइडवर प्रायव्हेट डीएनएस बंद ठेवा, नाहीतर राउटरला न विचारता तो भलतीकडेच विचारायला जाईल.

टॅबलेटमधली सिमं काढा. वायफायला इंटरनेट नाही असं दिसलं की अँड्रॉइड मोबाइल डेटाकडे सरकतो किंवा ‘जोडलेलं राहू का’ असं विचारतो. तिथे ‘हो’ म्हणा आणि ‘पुन्हा विचारू नका’वर खूण करा. घड्याळंही तपासा, तारीख मागे गेली की प्रमाणपत्र नाकारलं जातं.

उत्तर: बर्डी_केबलवाला

मी स्टॉलचं सांगतो. तुमचा ९ चौरस मीटरचा स्टॉल तयार बांधणीचा असेल. त्यात साधारण तीन बाजूंचे पॅनेल, एक टेबल, दोन खुर्च्या, थोडे स्पॉटलाइट, ५ अँपिअरचा एक प्लग आणि वर कंपनीच्या नावाची पट्टी येते. प्रत्येक आयोजकाची यादी निराळी, म्हणून प्रदर्शकांची पुस्तिका हाती आली की आधी ती वाचा. टीव्ही, जादा वीज, जादा टेबल यांचे फॉर्म ठराविक तारखेपर्यंतच घेतात, उशीर झाला की दर वाढतो. जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा धरा.

वीज मोजा. ४३ इंची टीव्ही १०० वॅट धरा, दोन लॅपटॉप ६५ प्रमाणे १३०, राउटर १५, टॅबलेटचे चार्जर ६०. सगळं मिळून जेमतेम ३०५, म्हणजे १ किलोवॅट मागितलं की भागलं. पण संध्याकाळी हॉल बंद झाला की स्टॉलची वीज सहसा तोडतात, रात्रभर चार्जिंगचा बेत करू नका. दिवसाही जनरेटरवर जाताना पुरवठा झटका खातो. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. त्या एका सेकंदात राउटर बंद पडून पुन्हा उठेपर्यंत दोन-तीन मिनिटं सगळा डेमो थांबतो. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस नागपुरात बर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो, तो घ्याच. आधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा.

पॅनेलला खिळा ठोकता येत नाही, दुहेरी टेप आणि एस-हुक न्या. टीव्ही पॅनेलवर टांगू नका, उभा स्टँड भाड्याने घ्या. टीव्हीवर पानाच्या कडा कापल्या जात असतील तर त्याच्या चित्र-आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा. यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडेलच असं नाही, काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटाचे असतात. स्वतःच्या लॅपटॉपवर ॲडॅप्टर इथेच लावून बघा. नावाची पट्टी मराठीत हवी असेल तर अक्षरं बाह्यरेषांत बदललेली पीडीएफ पाठवा. नुसता युनिकोड मजकूर पाठवला तर छपाईवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये वेलांट्या उड्या मारतात.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. १०० वॅट-तासांपर्यंत चालते, २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते.

उत्तर: रामदासपेठ_यूआय

वरच्या दोघांनी यंत्रं सांगितली, मी दाखवायचं काय ते सांगते. तुमच्या ॲपची ताकद एकच आहे, नेट नसताना नोंद जात नाही. तेच टॅबलेट पाहुण्याच्या हातात देऊन दाखवा. त्याला स्वतः फ्लाइट मोड लावू द्या, ‘संत्रा, २२ क्रेट’ अशी नोंद करू द्या, मग मोड काढायला सांगा. टीव्हीवर ती ओळ त्याच्यासमोर वर आली पाहिजे. एवढं ९० सेकंदांत बसवा. रिपोर्ट, सेटिंग्ज, वापरकर्त्यांचे अधिकार हे सगळं त्याने विचारलं तरच.

प्रत्येकानंतर नोंदी मूळ स्थितीत आणणारं बटण हवंच, नाहीतर दुपारपर्यंत यादीत ‘अबक’ आणि ‘टेस्ट’ भरतं. नमुना डेटा खरा वाटावा, पण खऱ्या ग्राहकाची नावं त्यात नकोत. टीव्हीवर ब्राउझर १५० टक्के मोठा करा, दोन मीटरवरून आकडे वाचता आले पाहिजेत. टॅबलेट नुसता ठेवलेला असेल तेव्हा कोणी दुसरं ॲप उघडू नये म्हणून अँड्रॉइडवर ॲप पिन करा, आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस लावा, फ्लाइट मोड दाखवताना मात्र ते काढा. लॅपटॉपवर विंडोज अपडेट पुढे ढकला आणि सूचना बंद ठेवा.

क्यूआरचा आकार अंतराच्या दहाव्या भागाइतका ठेवा. दीड मीटरवरून स्कॅन व्हायचा असेल तर १५ सेंटिमीटर, भोवती पांढरी मोकळी कडा. तो तुमच्या इंटरनेटवरच्या डोमेनकडे न्या, कारण पाहुणा स्वतःच्या डेटावर असतो, त्याला तुमचा लॅन दिसत नाही.

सादरीकरणात १० मिनिटं असली तरी मजकूर ७ चाच ठेवा, माईक आणि केबल जोडण्यात वेळ जातो. डेमोचं स्क्रीन रेकॉर्डिंग १९२० बाय १०८० मध्ये पेनड्राइव्हवर असू द्या. व्यासपीठावर आयोजकांचाच संगणक वापरायचा असेल तर तेच चालेल.

नोंदींसाठी लांब फॉर्म नको. नाव, गाव, मोबाइल, वजनकाटे किती, सध्या नोंद वहीत की एक्सेलमध्ये, आणि पुढे काय करायचं ठरलं. शेवटचा रकाना सगळ्यांत कामाचा, तो बोलणं चालू असतानाच भरा. संपर्क कशासाठी करणार ते लिहून संमतीची खूण घ्या, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख तोच आहे. रोज संध्याकाळी यादीची प्रत लॅपटॉपबाहेर काढा.

परसोडी_डेव्ह

सगळं लिहून घेतलं. एकच राहिलं, सर्व्हरवाला लॅपटॉपच बंद पडला तर?

उत्तर: वर्धा_रोड

दुसऱ्या लॅपटॉपवर तीच मांडणी आधीच उतरवून ठेवा. डॉकरच्या तयार इमेजेस (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेले संच) फाइलमध्ये साठवून न्या. हॉलमध्ये इमेज नव्याने बांधायला गेलात तर एनपीएमची (जावास्क्रिप्टचं भांडार) पॅकेजेस इंटरनेटवरून उतरवताना अडकाल. प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली दोन्हीकडे ठेवा. पहिल्या लॅपटॉपचा पत्ता राउटरमध्ये दुसऱ्याच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) द्या आणि लॅन केबल बदला. टॅबलेटना फरक कळत नाही, अडकलेल्या नोंदी पुढच्या प्रयत्नात आपोआप वर जातात. निघण्याआधी ऑफिसमध्ये चालू डेमोत पहिला लॅपटॉप मुद्दाम बंद करून ही अदलाबदल तिघांकडूनही करून घ्या.