शब्दचर्चा: ज्वलनदोलने शमवणाऱ्या पोकळीला ‘अनुनादक’ म्हणावे का?

विचारणा (लातूर):
तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसाठी मी गॅस टरबाइनवर टिपण लिहीत आहे. ज्वलनकक्षातील दाबाची दोलने शमवण्यासाठी कक्षाला जी पोकळी जोडतात, तिला इंजिनिअर ‘रेझोनेटर’ म्हणतात. ‘अनुनादक’ हा प्रतिशब्द उपलब्ध आहे, परंतु अनुनाद म्हटला की आवाज वाढणेच विद्यार्थ्यांच्या मनात येते. ‘ध्वनिशोषक’ चालेल का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर):
सर, ‘ध्वनिशोषक’ टाळावा, असे माझे ठाम मत आहे. सभागृहाच्या भिंतीवरील फोमही ध्वनिशोषकच असतो आणि तो अनेक वारंवारतांचे ध्वनी थोडेथोडे शोषतो. ही पोकळी मात्र एका ठरावीक वारंवारतेच्या आसपासच काम करते. घागर भरताना आतल्या हवेची जागा कमी होत जाते, तसा तिचा सूर चढतो. हेल्महोल्ट्झच्या अनुनादकातही, म्हणजे अरुंद मान असलेल्या अशा पोकळीतही, मानेचे क्षेत्रफळ, मानेची लांबी, पोकळीचे आकारमान आणि आतील वायूतला ध्वनीचा वेग यांवरून वारंवारता ठरते. ती कक्षातील दोलनांशी जुळली की मानेतील हवा जोराने आतबाहेर होते, कडांपाशी भोवरे सुटतात आणि दोलनांची ऊर्जा त्यांतून अखेर उष्णतेत विरते. येथे अनुनाद हे साधन आहे आणि अवमंदन, म्हणजे दोलने शमवणे, हे कार्य. म्हणून वस्तूला ‘अनुनादक’ आणि तिच्या कामासह सांगायचे तेव्हा ‘अनुनादी अवमंदक’ म्हणावे.

‘दोलन’ आणि ‘कंपन’ यांतही फरक राखावा. वायूचा दाब वरखाली होतो ते दोलन, त्यामुळे कक्षाचे धातूचे अस्तर हादरते ते कंपन. दाब चढलेला असताना ज्वालेची उष्णता मिळाली तर दोलन बळावते, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये मांडले. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून आज इंधन आधीच भरपूर हवेत मिसळून जाळतात, आणि अशी ज्वाला या दोलनांना विशेष बळी पडते.

पुरवणी प्रश्न (परळी वैजनाथ):
आमच्याकडील औष्णिक केंद्रातले टरबाइन वाफेवर चालते आणि कोळसा बॉयलरमध्ये जळतो, त्यामुळे हा विषय नवा आहे. उरणसारख्या वायू विद्युत केंद्रांच्या संदर्भात वाचताना अनुनादकाच्या पोकळीतून सोडलेल्या हवेसाठी ‘पर्ज एअर’ आढळते. ‘शुद्धीकरण हवा’ म्हणावे का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर):
नको, कारण तेथे काहीही शुद्ध करायचे नसते. कक्षातील तप्त वायू पोकळीत शिरला, तर तिची जुळवणी बिघडते: २० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, तर सुमारे १,५०० अंशांच्या ज्वलनवायूत तो ८०० मीटरच्या घरात जातो. म्हणून कॉम्प्रेसरकडील त्यामानाने थंड हवा पोकळीतून मानेवाटे कक्षात सतत वाहती ठेवतात. त्याने धातूही तापत नाही. ‘रोधक हवा’ हा शब्द मला योग्य वाटतो, कारण ती तप्त वायूला आत येण्यापासून रोखते. याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या, एका टोकाला बंद असलेल्या ‘क्वार्टर वेव्ह ट्यूब’साठी ‘पाव-तरंग नळी’ लिहावे. तिची लांबी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असते, ही माहिती नावातच येते.